बडतर्फीची पात्रता

धाकटीसाठी निगडीचे एक स्थळ आले. मुलगा 'पर्मनंट', नोकरी एका महापालिकेत (कोणत्या ते विचारू नका, मलाही घरपट्टी भरायची आहे) आणि तळाशी बारीक अक्षरात : सध्या निलंबित. मी कागद बाजूला सारला. मेव्हण्यांनी तो पुन्हा उचलला.

"दाजी, निलंबित आहे म्हणजेच पक्का पर्मनंट आहे! ते चाकणचं स्थळ इंजिनिअर असेल, पण कॉन्ट्रॅक्टवर. त्याला निलंबित करणार तरी कोण?"

मुद्दा बिनतोड होता. चाकणला माणूस आवाज न करता जातो. सकाळी गेटवर कार्ड लावावे तर लाल दिवा. सुपरवायझर म्हणतो कॉन्ट्रॅक्टरला विचार, कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. काहींना तर हक्क सांगता येऊ नये म्हणून 240 दिवस भरण्याआधीच 'ब्रेक' मिळतो. चहाचा नव्हे.

सरकारी नोकराची गोष्ट वेगळी. घटनेचे 310वे कलम सांगते की तो राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या मर्जीने पदावर असतो. मर्जी म्हटल्यावर पोटात गोळा येतो, तोवर 311वे कलम पाठीवर हात ठेवते : ज्याने नेमले त्याच्याहून खालच्याने काढायचे नाही, आणि चौकशीशिवाय तर नाहीच. महापालिकेचा माणूस या कलमात बसत नाही, पण त्याच्यासाठी 1949चा महापालिका कायदा आहे. कलम 53 नेमणुकीचे, कलम 56 शिक्षेचे. सहायक आयुक्ताच्या तोडीची आणि वरची पदे सभागृहाने भरायची, खालची आयुक्तांनी. आमच्या पिंपरीत 13 मार्च 2022 रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ आयुक्त हेच प्रशासक म्हणून सभागृह होते. आयुक्तांनी प्रस्ताव ठेवायचा, प्रशासकांनी मंजूर करायचा, आणि दोघांची सही सारखीच यायची. इतका एकोपा पिंपरी-चिंचवडच्या सभागृहात 1982 पासून कोणी पाहिला नसेल.

मग आयुक्तांना कोण काढणार? आयएएस अधिकाऱ्याला राज्य सरकार निलंबित करील, हवे तिथे पाठवील, पण बडतर्फीचा अधिकार केंद्राचा. नगरसेवकांच्या हाती पाच अष्टमांश मतांचा ठराव. आमच्याकडे 128 नगरसेवक, म्हणजे बरोबर 80 हात वर हवेत. ऑक्टोबर 2016 मध्ये नवी मुंबईत 111 पैकी 104 जणांनी तिथले आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास दाखवला. मुंढे तरीही मार्च 2017 पर्यंत खुर्चीत राहिले, आणि मग बदली होऊन आमच्याच पीएमपीएमएल बससेवेला आले. 104 जणांच्या अविश्वासाला पाच महिन्यांनी फळ आले ते आमच्या बसथांब्यावर.

या सगळ्या उतरंडीत आमच्या गल्लीतल्या झाडूवाल्या मावशी कुठे बसतात, ते मी खूप शोधले. रस्ता महापालिकेचा, हुकूम मुकादमाचा, पगार ठेकेदाराचा. एप्रिल 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी खटल्यात सांगून टाकले की रीतसर भरतीशिवाय आत आलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही. मावशी तर आतही आलेल्या नाहीत, त्या रस्त्यावरच आहेत. त्यांना बडतर्फ करायचे तर आधी कोणीतरी नेमायला हवे, आणि तो मान त्यांना अजून कोणी दिलेला नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने नऊ संस्थांमार्फत शिपायापासून इंजिनिअरपर्यंत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. ओरड झाली, ऑक्टोबरात तो मागे घेतला गेला. नाहीतर सगळ्यांनाच मावशींच्या पंगतीला बसता आले असते.

असो. रविवारी आम्ही मुलगा पाहायला गेलो. तजेलदार दिसत होता. राज्याच्या नियमात निलंबिताला पहिले तीन महिने अर्ध्या पगाराएवढा निर्वाह भत्ता असतो, पुढे तो पाऊण पगारापर्यंत वाढू शकतो. चाकणच्या मुलाला पूर्ण पगारातही ही तकतकी आलेली नाही.

"चौकशी कुठवर आली?" मी भीत भीत विचारले.

"चौकशी अधिकारी निवृत्त झाले," मुलाचे वडील समाधानाने म्हणाले. "नवीन नेमायचे आहेत."

"नेमणार कोण?"

"त्याचंच टिपण वर गेलंय."

मेव्हण्यांनी खिशातून पंचांग काढले. "मग घाई नको. वैशाखातला मुहूर्त धरू."