टाकू नका, मी नेतो

काकींना ओळखत नाही असं म्हणू नका. सांगलीच्या विश्रामबागेत त्या आहेत, साताऱ्याच्या शाहूपुरीत आहेत, कराडला तर एकाच गल्लीत दोन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. बालवाडीतून रिटायर झालेल्या, हातात कापडी पिशवी, आणि नजर कायम तुमच्या हातातल्या बाटलीच्या झाकणावर. शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत आवाज येतो, "टाकू नका, मी नेतो."

सांगलीच्या काकींचंच घेऊ. शेजारच्या बारशाला गेल्या, तर बाळाचं तोंड बघायच्या आधी त्यांनी आइस्क्रीमच्या कपांची झाकणं गोळा केली. भाच्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हा दवाखान्यात गेल्या. भाचा शुद्धीवर येत होता आणि काकी सिस्टरकडं औषधाच्या बाटलीचं बूच मागत होत्या. माहेर साताऱ्याचं. तिथून येताना माणसं कंदी पेढे आणतात. काकी पेढ्यांचे रिकामे खोके आणतात, तेही भावाच्या शेजाऱ्यांकडचे. एकदा एसटीच्या कंडक्टरनं त्यांचं पोतं हलवलं, आत खुळखुळलं.

"काय हाय यात?"

"शिक्षण," काकी म्हणाल्या.

त्यानं गुमान लगेजचं तिकीट फाडलं.

स्वतःच्या घरात एकाही डब्याला झाकण उरलेलं नाही. साखरेवर ताटली, मिठावर वाटी आणि लोणच्याच्या बरणीवर साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल. काका कारखान्याचे जुने सभासद. अहवालाचा एवढा उपयोग आजवर कुणी केला नव्हता, असं तेच सांगतात.

दुपारी चारला मात्र ओसरीवर गल्लीतली तीन ते पाच वर्षांची पोरं जमतात आणि पिशवी पालथी होते. लहानमोठी झाकणं एकावर एक रचायची. रंग निवडायचे. लाल, लाल, निळं, लाल, लाल, आता पुढं काय? बाटलीवर झाकण फिरवून घट्ट बसवायचं; त्यात मनगट वळतं, बोटांत जोर येतो, आणि याच बोटांत उद्या पेन्सिल यायची असते. सहा सारख्या डब्या: दोनांत तांदूळ, दोनांत राजगिरा, दोनांत चिंचोके. कानाशी हलवून जोड्या लावायच्या. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमला बालघर काढलं. त्यांच्या साधनांत अशाच आवाजाच्या डब्या आहेत, आणि एक ते दहा सेंटिमीटरच्या दहा ठोकळ्यांचा गुलाबी मनोराही. काकींच्या मनोऱ्याचा तळ पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचा आणि कळस खोकल्याच्या औषधाचा.

माँटेसरींची घडीव साधनं खेड्यातल्या बालवाडीला परवडायची नाहीत, हे ताराबाई मोडकांनी फार लवकर ओळखलं होतं. १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंखशिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली. काकी हे कुणालाही ऐकवतात; समोरच्यानं विचारलंच पाहिजे असं नाही.

नियमाला त्या कडक. तीन वर्षांच्या आतल्या पोराला तोंडात जाईल असं काही द्यायचं नाही. मोठ्यांना चिंचोके मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. एकदा एक कमी भरला. चार पोरं, त्यांच्या आया आणि पत्ता विचारायला थांबलेला कुरिअरवाला, कुणालाच जागचं हलता येईना. चिंचोका काकांच्या चपलेत निघाला. सगळेच प्रयोग काही जमले नाहीत. हळकुंडं लांबीप्रमाणं लावायच्या खेळात पोरं कोपरापर्यंत पिवळी झाली. तासगावच्या बेदाण्यांवर बेरीज शिकवायला घेतली, तर नुसती वजाबाकीच झाली.

२०२३ च्या फेब्रुवारीत एनसीईआरटीनं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' आणला: खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डं. पुतण्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. काकींनी तो मोठा करून नीट बघितला आणि विचारलं, "या पेटीचं झाकण काढून ठेवलंय कुठं?"

नव्या आयांना हे सगळं गबाळं वाटतं. मागं एकीनं तोंडावरच विचारलं, "काकी, यात वर्कशीट कधी सुरू होणार? ज्युनिअरच्या ॲडमिशनला पोराला पन्नासपर्यंत लिहायला लागतं." पोरगं तेव्हा पाच बाटल्यांपुढं एकेक झाकण मांडत होतं. चार मांडून झाल्यावर ते थांबलं, उरलेल्या बाटलीकडं बघितलं आणि पिशवीत हात घातला. आईनं त्याला उचलून नेलं. पुढं ते पन्नासपर्यंत लिहायला लागलं. पन्नास म्हणजे किती, हे त्याला कुणी विचारलं नाही.

मग २०१९ च्या ऑगस्टातला महापूर सांगावा लागतो. धोक्याची पातळी ४५ फूट. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली. काकी तेव्हा नदीकडच्या भागात राहायच्या. बोटीत चढताना लोकांनी कागदपत्रं घेतली, दागिने घेतले. काकींच्या छातीशी एक जड पिशवी होती. मंगळसूत्र आणि पासबुकं असणार, असं धरून बोटवाल्यानं ती अदबीनं आधी ठेवून घेतली.

निवाऱ्याच्या शाळेत पहिल्या रात्री ती उघडली. वर पाऊस, खाली ओली सतरंजी, मोठी माणसं फोनची रेंज शोधतायत, आणि कोपऱ्यात अनोळखी पंधरावीस पोरं लाल-निळं वेगळं काढतायत. वर्कशीटवाली आईही त्याच शाळेत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आली, नजर चुकवत म्हणाली, "काकी, पिशवी काढताय न्हवं?" त्यांनी काढली. त्या मुलाला वेगळं काही म्हटलं नाही, नुसतं सरकून जागा केली.

पाणी उतरलं, माणसं घराकडं निघाली. तेव्हा स्वयंपाकाच्या पोरांनी भांडी मोजली, तर चहाच्या मोठ्या पातेल्याचं झाकण कमी. सगळी शाळा पालथी घातली. काकी दारात पिशवी धरून रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या, आणि पिशवीला एका बाजूनं गोल आकार आला होता. सगळ्यांना दिसत होता. आचाऱ्यानं पातेल्यावर परात पालथी घातली आणि काकींची पिशवी स्वतः रिक्षात ठेवून दिली.