अॅडमिरलसाहेब आणि सोळा संस्था

डेनिस ब्लेअर यांच्याबद्दल अमेरिकी आरमारात एक किस्सा सांगतात. विनाशिकेचे कप्तान असताना साहेबांनी तिच्याच मागे दोर धरून पाण्यावर स्कीइंग करायचा प्रयत्न केला म्हणे. खरं-खोटं समुद्राला ठाऊक. पण एवढं खरं, की जहाजावर कप्तान म्हणेल ती पूर्व दिशा.

अॅनापोलिसची अकादमी, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, 34 वर्षं आरमार, शेवटी सबंध पॅसिफिकचं सेनापतिपद. असा माणूस ओबामांनी जानेवारी 2009 मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक केला. हाताखाली 16 संस्था, दोन लाख माणसं आणि वर्षाचा खर्च 75 अब्ज डॉलर. हे गुपित त्याच सप्टेंबरात खुद्द साहेबांनीच पत्रकारांना सांगितलं!

फक्त सुकाणू तेवढं राहिलं होतं. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, 2004 च्या कायद्याने हे पद जन्माला आलं. सोळा सुना एकमेकींशी बोलत नाहीत म्हणून वरून एक सासू आणली. किल्ल्या मात्र सीआयए आणि पेंटॅगॉनच्याच कमरेला राहिल्या.

मे 2009 मध्ये सासूबाईंनी फर्मान काढलं: परदेशात अमेरिकी हेरखात्याचा मुख्य प्रतिनिधी कोण, हे मी ठरवणार. तोवर हा मान सीआयएच्या तिथल्या प्रमुखाकडे आपोआप जाई. दुसऱ्याच दिवशी सीआयएचे संचालक लिऑन पॅनेटा यांनी आपल्या लोकांना कळवलं, की ते फर्मान मनावर घेऊ नका. कागदोपत्री पॅनेटा ब्लेअर यांच्या हाताखालचे. पण पॅनेटा पूर्वी व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ होते. कुठल्या दारावर कधी टकटक करायची, हे त्यांना पाठ. जहाजावर अशा माणसाला बेड्या पडल्या असत्या. वॉशिंग्टनमध्ये बैठका पडल्या, आणि नोव्हेंबरात निकाल लागला तो सीआयएच्या बाजूने.

मग आला नाताळ. अॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एक तरुण चड्डीत बॉम्ब शिवून बसला. त्याच्या बापाने महिनाभर आधी नायजेरियातल्या अमेरिकी वकिलातीत जाऊन मुलाबद्दल सावध केलं होतं. व्हिसा तरी शाबूत. बॉम्ब नीट फुटला नाही, ही काही हेरखात्याची कामगिरी नव्हे. त्या दिवशी मात्र सोळाही संस्थांना एकदम आठवलं, की आपल्याला एक प्रमुख आहे.

जानेवारीत सिनेटपुढे साहेब म्हणाले, संशयिताची चौकशी खास पथकाकडे द्यायला हवी होती. ते पथक अजून कामालाच लागलेलं नव्हतं. त्याच दिवशी खुलासा काढावा लागला. 18 मे 2010 ला सिनेटच्या समितीने हेरखात्याच्या 14 चुका मोजून दाखवल्या, आणि 20 तारखेला साहेबांचा राजीनामा जाहीर झाला.

पाच वर्षांत हे तिसरे. पहिले नेग्रोपाँटे राजनैतिक अधिकारी, दुसरे मॅककॉनेल आरमारातले, तिसरे हेही आरमारातले. यावर ओबामांनी जालीम उपाय शोधला. पदाचे अधिकार होते तेवढेच ठेवून हवाई दलाचे निवृत्त जनरल जेम्स क्लॅपर नेमले.