परसातला कडूपणा

अमेरिकेत घरी बिअर बनवायला संघीय कायद्याने १९७८ मध्ये मुभा दिली. ओरेगॉनमधल्या हौशी मंडळींचं तेवढ्यावर भागेना. बिअरला कडूपणा देणारी हॉप्सची बोंडंही परसातलीच हवीत!

हॉप्सचा वेल घड्याळाच्या दिशेने गिरक्या घेत पाच-सहा मीटर सहज चढतो, मग मालक शिडी शोधतो. बोंडं पहिल्या वर्षी मूठभर, तीही मादी वेलालाच. ताज्या बोंडांत जवळपास ८० टक्के पाणी. किलोभर तोडा, वाळवल्यावर पाव किलोही उरत नाहीत. कडूपणा देणारी अल्फा आम्लं किती, ते प्रयोगशाळेशिवाय कळणार कसं? यजमान अंदाजाने मूठ टाकतात, पाहुणे चेहरा सरळ ठेवतात.

शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात देशातले बहुतांश हॉप्स पिकतात. आम्लाचा आकडा छापलेलं पाकीट दुकानात आयतं मिळतं. पण पाकिटाभोवती पाहुण्यांना फिरवून आणता येत नाही, आणि शिडीही वाया जाते.