उचंत खातं

बँकेत जन्म काढलेल्या माणसाला एक खोड जडते. आलेली प्रत्येक रक्कम कुठल्या तरी खात्याला लावल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. मला पार्किन्सन्स झाल्यापासून आमच्या घरात हाच धंदा चालू आहे. उजवा हात थरथरला की तो रोगाच्या नावे. तोंडाला कोरड पडली की ती गोळीच्या नावे. मी वसकन ओरडलो की बायको वहीसुद्धा न उघडता ती नोंद ‘मूळ स्वभावा’ला लावते. ज्याचा काहीच थांग लागत नाही ते सगळं उचंत खात्यात. बद्धकोष्ठ तिथेच पडून आहे. रोग म्हणतो माझं, गोळ्या म्हणतात आमचं, आणि मला मेल्याला इसबगोल.

डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या कंपवातावर निबंध लिहिला, त्यात मानेतून रक्त काढण्याचा उपाय सुचवला आहे. तेव्हा गोळ्यांबद्दल फार कुरकुर करायला मला तोंड नाही. मेंदूला डोपामिन कमी पडतं, पण ते बाहेरून दिलं तर मेंदूच्या वेशीवरच अडतं. म्हणून लेव्होडोपा द्यायची. ती आत जाते आणि मग तिचं डोपामिन होतं. सोबत कार्बिडोपा हवी, नाहीतर लेव्होडोपा वाटेतच खर्च होते आणि माणूस मोरीशी वाकून उभा राहतो. एवढं सगळं जमवलं, तरी आतड्यात तिची गाठ पडते ती वरणाशी. प्रथिनांना आणि लेव्होडोपाला आत शिरायचं दार एकच. त्यामुळे गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. लग्नाच्या पंगतीत मी यजमानांना “पानं कधी वाढणार?” असं विचारतो, तेव्हा लोकांना मी हावरट वाटतो. तेही नोंदलेलं आहे. स्वभावाच्या नावे.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो डिस्कायनेशियाचा. रोगाने माणूस थरथरतो किंवा ताठ होतो. गोळी जोरात असली की तो डोलतो. मान, खांदे, कंबर, सगळं आपापल्या मर्जीने. बघणाऱ्यांना वाटतं आजार बळावला. प्रत्यक्षात माझी ती चालण्याबोलण्याची उत्तम वेळ असते. आमच्या सोसायटीच्या दिवाळी पहाटेला मी उजाडायच्या आत गोळी घेऊन पहिल्या रांगेत खुर्ची अडवली. गायकाने ललत लावला आणि तासाभरात माझी गोळी चढली. मान डुलू लागली, खांदे त्यात सामील झाले. गायक बिचारा हरखला. उरलेल्या श्रोत्यांकडे पाठ फिरवायचीच काय ती त्याने बाकी ठेवली. तबलजी मात्र जाणकार होता. माझी दाद समेवर एकदाही पडत नाही हे बघून तो आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या बोटांकडे संशयाने पाहू लागला. शेवटी सेक्रेटरी धावत आले. “काका, तुम्ही एवढे दर्दी आहात हे माहीतच नव्हतं!” पुढच्या वर्षीचा गायक निवडायच्या समितीत मी आहे. रागांतलं मला ओ की ठो कळत नाही.

अमान्टाडिन हे मूळचं फ्लूचं औषध. त्याने डोलणं कमी झालं, पण पोटऱ्यांवर जांभळट जाळी उमटली आणि संध्याकाळी कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक मुलगा दिसायला लागला. निमूट बसलेला, बोलत नाही, चालत नाही. तो खरा नाही हे मला कळत होतं, आणि डॉक्टरांच्या मते ते कळणं महत्त्वाचं. त्यांनी डोस उतरवेपर्यंत बायको रोज विचारायची, “आला का? अभ्यास करतोय की नुसताच बसलाय?”

आमचा खरा लेखापरीक्षणाचा प्रसंग प्रामिपेक्सोलपायी आला. ही गोळी काही जणांना जुगाराला लावते, काहींना खरेदीला. मी रात्री जागा राहून मोबाइलवर खरेदी करू लागलो. दुर्बीण आली, नारळ खवायचं यंत्र आलं, गच्ची नसताना गच्चीतला झोपाळा आला. मला त्यात वावगं काहीच दिसत नव्हतं. हीच त्यातली मेख. डॉक्टरांनी विचारलं, “वागण्यात काही बदल?” मी “छे” म्हणेपर्यंत बायकोने पर्समधून घडी घातलेला फुलस्केप काढला. डॉक्टर पेन घेऊन एकेक कलम तपासू लागले. रात्रीची खरेदी: गोळी. बोलता बोलता डुलकी: गोळी. तेच तेच विनोद पुन्हा सांगणं, रिमोट न सोडणं, माहेरच्या माणसांसमोर तोंड पाडणं: इथे त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “वहिनी, हे केव्हापासून?” “लग्नापासून.” त्यांनी तिन्ही कलमं खोडली. बायकोचा चेहरा पाहवेना. वर्षानुवर्षांची वसुली हातची गेली होती.

ही गोळी एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवायची. ती उतरली तशी खरेदीही ओसरली. झोपाळा परत गेला. पण आधी मागवलेली एक पेटी तेवढी उशिरा आली. पेटी म्हणजे साडेतीन सप्तकांची हार्मोनियम. परत पाठवायला मी खोका शोधत होतो, तेवढ्यात बायकोने भात्यावर हात ठेवला. शाळेत असताना शिकायची राहून गेली होती म्हणे. आता रोज संध्याकाळी साडेसहाला, नेमक्या माझ्या गोळीच्या वेळी, ती सा धरून बसते. कधी कधी तो सा असतोही. मी डॉक्टरांना हळूच विचारून पाहिलं. ते म्हणाले, “यावर आपल्याकडे काही नाही.”