भरवशाच्या डिस्कला टोणगा

हार्ड डिस्क घेणाऱ्या माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: ती वाऱ्यासारखी पळावी, तिने तोंडातून ब्र काढू नये आणि जन्मभर साथ सोडू नये. अशा अपेक्षा माणसांकडून ठेवायची सोय राहिली नाही, म्हणून त्या आता यंत्रांवर लादल्या जातात. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार तिन्ही अपेक्षा शांतपणे ऐकून घेतो आणि ‘बजेट किती?’ एवढंच विचारतो. माझं म्हणणं असं की यांतले वेग आणि शांतता हे दोन गुण दुकानात खरोखर मिळतात, मोजून मिळतात आणि बहुतेकांना लागतात त्याहून जास्तच मिळतात. तिसरा गुण म्हणजे भरवसा. तो कुठल्याच खोक्यात नसतो, आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त पैसे त्याच्याच नावाने मोजतं.

आधी वेग घेऊ, कारण त्यावर भांडायला मजा येते. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क घ्यावी की ७२०० ची, यावर एका पिढीने रात्री जागवल्या. हवी ती माहिती हेडखाली यायला तबकडीला सरासरी अर्धी फेरी मारावी लागते. त्यासाठी ५४०० वालीला सुमारे ५.६ मिलिसेकंद लागतात, ७२०० वालीला ४.२. या १.४ मिलिसेकंदांसाठी एवढा खल! शिवाय हेडला जागेवर सरकायला आठ-दहा मिलिसेकंद वेगळे जातातच. त्यामुळे विखुरलेल्या बारीकसारीक फायली गोळा करायच्या तर कुठलीही घरगुती डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच खेपा घालते. एसएसडीत फिरणारं काही नसल्याने ती अशा हजारो खेपा घालते. म्हणून विंडोज आणि रोजचे प्रोग्रॅम एसएसडीवर ठेवावेत, वाद मिटला. पण मिटलेला वाद लोकांना सोसत नाही. मग सेकंदाला ५५० एमबीची साटा एसएसडी बरी की ७००० एमबीची एनव्हीएमई, हा नवा उकरून काढला जातो. जो दिवसभर व्हिडिओ एडिट करतो त्याने खुशाल दुसरी घ्यावी. बाकीच्यांना हे पुरेल की ब्लू-रे सिनेमा न अडखळता चालायला सेकंदाला सहा-सात एमबी लागतात, आणि तेवढं काम फिरणारी साधी डिस्कही झोपेत करते. सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल शीट उघडायला सात हजार एमबीचा वेग लागत असेल, तर दोष डिस्कचा नाही. थकबाकीदार फार झालेत.

आवाजाचं प्रकरण जरा नाजूक आहे. डेटाशीटवर तो बेलमध्ये छापतात: नुसतं फिरताना २.५, काम करताना २.८. हा फरक कागदावर चिल्लर दिसतो, पण ०.३ बेल म्हणजे ध्वनीची शक्ती दुप्पट. कानाला मात्र ती दुप्पट वाटत नाही, त्यामुळे फरक लपवणारी कंपनी आणि फरक न जाणवणारं गिऱ्हाईक दोघंही सुखी असतात. पूर्वीच्या डिस्कांना बॉल बेअरिंगची बारीक शीळ असे. २००१ च्या सुमारास तेलाच्या पातळ थरावर फिरणारी बेअरिंग रुळू लागली आणि शीळ गेली. उरली ती हेडची कर्रकर्र. बराचसा आवाज तर डिस्कचा नसतोच, तिच्याबरोबर थरथरणाऱ्या कॅबिनेटच्या पत्र्याचा असतो, आणि स्क्रूपाशी रबरी वॉशर घातला की तो निम्मा-अधिक विरतो. डिस्कचीही याबाबत तक्रार असू शकते, हे कुणी ध्यानात घेत नाही. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने सर्व्हरमधल्या डिस्कांपुढे उभं राहून जोरात आरोळी ठोकली आणि तेवढ्याने त्या कशा अडखळतात ते आलेखावर दाखवलं. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी त्याहून नामी हकिकत लिहिली: जॅनेट जॅक्सनचं ‘रिदम नेशन’ वाजवलं की काही जुने लॅपटॉप बंद पडत, कारण गाण्यातली एक कंपनसंख्या आतल्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनसंख्येशी जुळत होती. शेजारी ठेवलेला, न गाणारा लॅपटॉपही कोसळत असे. तेव्हा गणपतीच्या दिवसांत डिस्कच्या कुरकुरीबद्दल बोलणाऱ्याने आधी तिची बाजू ऐकून घ्यावी.

आता भरवसा. खोक्यावर किंवा डेटाशीटवर बिघाडाविना सरासरी दहा लाख तास चालेल असा आकडा असतो. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. हार्ड डिस्क ही वस्तूच जन्माला आली १९५६ साली, आयबीएमच्या रॅमॅक संगणकाबरोबर. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्यांवर तेव्हा पन्नास लाख अक्षरं मावत. ११४ वर्षं चाललेली डिस्क पाहिलेला माणूस अजून व्हायचा आहे. त्या आकड्याचा खरा अर्थ एवढाच की हजार डिस्का हजार तास चालवल्या तर एखादी जाईल, म्हणजे वर्षाला शेकड्यात एकाहून कमी. २००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला दोन ते चार टक्के बदलाव्या लागणं सर्रास आढळलं आणि एके ठिकाणी तर तेरा टक्के. महागड्या वर्गातल्या डिस्का आणि साध्या साटा डिस्का यांच्यात म्हणावा तसा फरक दिसला नाही, हे खिशाला अधिक झोंबणारं. निदान मरण्याआधी ती काही सांगेल का? डिस्कची तब्येत टिपणारी स्मार्ट नावाची यंत्रणा असते. गूगलने त्याच वर्षी लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला, त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी या यंत्रणेच्या चार मुख्य लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं. तपासणीत सगळं नॉर्मल होतं.

यावर जाणकार म्हणतील, बॅकब्लेझ ही कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कांच्या मरणाचे आकडे मॉडेलवार जाहीर करते; ते पाहून घ्या. पाहावेत, वाईट मॉडेल टळतं. पण एखाद्या मॉडेलची चार वर्षांची पत कळेपर्यंत ते बाजारातून उठलेलं असतं, आणि कंपनीच्या नावावर जावं तर एकाच घरात सोनं आणि शेण दोन्ही निघतं. आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी २००० साली वेगासाठी वाखाणली गेली आणि पुढे इतक्या जणांच्या फायली घेऊन गेली की लोक तिला ‘डेथस्टार’ म्हणू लागले. दुसरे म्हणतील, एसएसडी घ्या, तिच्यात झिजायला फिरता भागच नाही. खरं आहे. पण ती जाते तेव्हा साधा टकटक आवाजही करत नाही, आणि वर्षानुवर्षं विजेविना कपाटात पडली तर तिच्यातली माहिती पुसट होऊ शकते. तिसरे म्हणतील, रेड लावा, दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिलं जाईल. तेही बरं, पण चुकून डिलीट केलेलं लग्नाचं फोल्डर ती दोन्हीकडून तितक्याच तत्परतेने पुसते.

म्हणून हिशेब दुसऱ्या बाजूने करावा. साधी डिस्क वर्षात जायची शक्यता तीन टक्के धरू, आणि दुप्पट पैसे मोजलेली महागडी एक टक्का, म्हणजे दहा हजारांत शंभर. तेवढ्याच पैशांत साध्या दोन घेतल्या, दोन्हींवर तोच डेटा ठेवला आणि त्या एकमेकींपासून दूर राहिल्या, तर दोन्ही एकाच वर्षात जायची शक्यता दहा हजारांत नऊ. पहिली गेल्यावर लगेच नवी आणली तर त्याहून कितीतरी कमी. अट एवढीच की त्या एकाच घाण्यातल्या, एकाच प्लगवरच्या आणि एकाच पिशवीतल्या नसाव्यात. क्लाउड आहेच की, असं कुणी म्हणेल, तर तीही कुणाच्या तरी डिस्कवरची एक प्रत आहे. तिसरी म्हणून जरूर ठेवावी. शिवाय कपाटातल्या बॅकअपच्या डिस्कला वेग लागत नाही आणि ती आवाजही करत नाही, म्हणजे पहिले दोन गुणही फुकटात पदरात पडतात. राहता राहिलं दर महिन्याला ती बाहेर काढून कॉपी करणं, आणि त्याची वॉरंटी कुठलीच कंपनी देत नाही. दुकानात मग आरपीएम, बेल आणि दहा लाख तास यांची चौकशी करत बसण्यात अर्थ नाही. विचारायचं ते एवढंच: दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या तर किती कमी कराल?