पडदा ओढण्याचं शास्त्र

चंडीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समधला 26 मीटर उंचीचा ‘उघडा हात’ हे शिल्प 1985 पासून वाऱ्यासरशी फिरतं. ना पासवर्ड, ना अपडेट. जवळच्या ‘टॉवर ऑफ शॅडोज’मध्ये काँक्रीटच्या फळ्या ऊन अडवतात, सूर्याची वाट वास्तुविशारद ल कॉर्बुझिएनं आराखड्यातच धरून ठेवली होती. घराला यंत्र म्हणणारा हाच गृहस्थ. पण त्याच्या यंत्राला वायफाय लागत नाही.

आमच्या सोसायट्यांत मात्र प्रगती आहे. पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक, त्यावर घर चालवणारं ‘होम असिस्टंट’ हे सॉफ्टवेअर. सूर्यास्त झाला की पडदा आपोआप सरकणार! सूर्यास्त झाला का, हे खिडकीतून बघायचं नाही हं. ते अक्षांश-रेखांशांवरून काढायचं. आणि काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे सिग्नल पोचेना, म्हणून सिग्नल पुढे ढकलणारी आणखी एक डबी लावायची.

मग भर दुपारी वीज जाते, त्या संगणकाच्या मेमरी कार्डावरची माहिती बिघडते, आणि जावईबापू स्टुलावर बसून लॉग, म्हणजे यंत्राच्या नोंदी, वाचू लागतात. सासूबाई तोवर उठून हातानं पडदा ओढून मोकळ्या. जावईबापू मात्र नवं कार्ड मागवतात, सोबत यूपीएसही. दोन पडद्यांसाठी.