मैलकाका

वणीवरून विमानं जातात, वणीत उतरत नाहीत. उतरायचं तर नागपूरला, सोनेगावला. म्हणजे वरोरा, जाम करत सव्वाशे किलोमीटरच्या वर, तेही पावसाळ्यात वर्धा नदी वाट सोडेल तेव्हा. अशा गावात टिळक चौकातल्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ कपातला चहा बशीत ओतता ओतता म्हणतात, "यंदा आपलं सिल्व्हर सतराशेनं हुकलं भाऊ." बाजूला बसलेला नवखा माणूस हळहळतो आणि विचारतो, "सराफाकडेच ठेवलं होतं का?"

हे आमचे मैलकाका. सिल्व्हर म्हणजे चांदी नव्हे, मैल साठले की विमान कंपनी देते तो दर्जा. खरं नाव रेशनकार्डावर असेल, चौकात ते कोणी घेत नाही. हल्ली तालुक्याच्या प्रत्येक गावात असे दोन-चार निघतात. पोरगा अमेरिकेत, पोरगी बंगळुरात, घराला कुलूप लावून वर्षातले तीन-चार महिने बाहेर. यातले काही परत आल्यावर बर्फाचं सांगतात, काही तिथल्या दुकानांचं, काही नातवाच्या इंग्रजीचं. आमच्या काकांना शिकागो कसं आहे म्हणून विचारा. उत्तर ठरलेलं : "दिल्लीहून साडेसात हजार मैल." तिथे तळं आहे म्हणतात, त्याच्या काठी काका फिरलेही असतील, पण तळ्याच्या काठी मैल मिळत नाहीत.

त्यांचा पिंडच तसा घडलाय. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उकणीच्या कोळसा खाणीत एकतीस वर्षं ते काट्यावर होते. कोळशाचा ट्रक आला की आधी रिकामा तोलायचा, मग भरलेला. ग्रॉसमधून टेअर वजा, राहिलं ते नेट, चलानावर सही, पुढचा ट्रक. दिवसाला शेकडो. माणूस रिटायर झाला, पण डोळ्यांतला काटा गेला नाही. भाजीवाल्याकडे वांगी घेतानाही ते आधी पिशवीचं वजन करून घेतात. अशा माणसाला मुलाने पहिल्यांदा विमानात बसवलं आणि वर सांगितलं, "बाबा, जेवढे उडाल तेवढे मैल तुमच्या खात्यावर जमा होतात." एवढ्या वर्षांनी कोणीतरी त्यांनाच काट्यावर चढवत होतं.

त्यांची फाइल एकदा पाहण्यासारखी आहे. दाखवा म्हणावं लागत नाही. लोखंडी कपाटात सातबाऱ्याच्या खाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, प्रत्येक बोर्डिंग पास प्लॅस्टिकच्या खोळीत घातलेला. आता बोर्डिंग पासचा कागद कसा असतो? बँकेच्या एटीएमच्या पावतीसारखा, उन्हाळा लागला की अक्षर उडतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे. म्हणून काकांनी प्रत्येक पासच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवल्यात, मूळ प्रत पांढरी पडलेली असली तरी तीही सोबत. एकदा त्यांनी मला तसा कोरा कागद खिडकीच्या उजेडात तिरपा धरून दाखवला. "दिसते?" मी म्हटलं, नाही. "पंधरा-सी," ते म्हणाले, "खिडकी नव्हती भेटली."

या छंदाचा इतिहासही त्यांना पाठ आहे. अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 ला मैलांची ही योजना काढली, तेव्हापासून जगाला हे वेड लागलं. "बापूजी अणे आपल्या वणीचे," एकदा ते हळहळून म्हणाले, "1943 साली लंकेले भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले, मंग बिहारचे राज्यपाल झाले. केवढा प्रवास! अन् खात्यात एक मैल नाही." लोकनायकांच्या चरित्रातली ही उणीव आजवर कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

तर अशाच एका प्रवासाची गोष्ट. दिल्ली ते शिकागो, मध्ये युरोपात एक थांबा, असं तिकीट होतं. कंपनीचं नाव मी घेत नाही, काका मात्र झोपेतही घेतात. दिल्लीला पोचले तर फलकावर लाल अक्षरं : विमान रद्द. हॉलमध्ये एकच आकांत. कोणी रडतंय, कोणी व्हिडिओ काढतंय, कोणी "मॅनेजरला बोलवा" करतंय. काकू गुडघे धरून बॅगेवर बसलेल्या. काउंटरवरच्या मुलीने बारा तासांनी तोडगा काढला : आखातातल्या दुसऱ्या एका कंपनीच्या विमानात जागा आहे, तिकडून शिकागो, जाता का? सगळी रांग हो हो म्हणाली. काकांचा नंबर आला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "त्या कंपनीची भाऊबंदकी कोनती?"

हा प्रश्न वाटतो तेवढा वेडगळ नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. जगातल्या मोठ्या विमान कंपन्यांनी तीन कुळं केली आहेत : 1997 ची स्टार अलायन्स, 1999 ची वनवर्ल्ड आणि 2000 ची स्कायटीम. एअर इंडिया 2014 पासून पहिल्या कुळात. एका कुळातल्या कुठल्याही घरी जेवलात तरी आहेर आपल्याच वहीत लिहिला जातो. कूळ बदललं की संपलं. आहेर केला खरा, पण भलत्याच मांडवात. काकांना बसवलं ते भलत्या मांडवात. आखातातून गेल्यामुळे प्रवास उलट पाच-सहाशे मैलांनी जास्त झाला आणि खात्यावर जमा शून्य.

त्यातून तिकिटावरचं ते एक अक्षर. इकॉनॉमीची सीट तीच, जेवणाचा ट्रे तोच, गुडघ्याला जागा तेवढीच नाही; पण तिकीट कुठल्या अक्षराचं यावर पूर्ण मैल, अर्धे मैल की काहीच नाही हे ठरतं. विमान बदललं की घाईत जे अक्षर छापून येतं ते बहुधा हलकं. हे मला कळेना तेव्हा काका म्हणाले, "कोळसा तोच असते ना बाप्पा! पन जी-1 ते जी-17 ग्रेड असते. ग्रेड घसरली का भाव घसरला. कोळशाले काय मालूम आपन कोनत्या ग्रेडचे." विमानाच्या तिकिटाचं इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मला कुठल्या एजंटाने दिलं नाही.

शिकागोला नातवाने धावत येऊन मिठी मारली तर काकांचा पहिला शब्द, "तुझ्या बापाचा लॅपटॉप कुठं हाय?"

मग पत्रव्यवहार सुरू झाला. यालाही शास्त्र आहे. विमान कंपनीने स्वतःच्या कारणाने तुम्हाला दुसऱ्या वाटेने नेलं, तर मूळ तिकिटावर जो मार्ग होता त्याचे मैल मागता येतात. याला ओरिजिनल रूटिंग क्रेडिट म्हणतात. कंपनी आपण होऊन क्वचितच देते. मागावं लागतं, मुदतीत मागावं लागतं, आणि मूळ तिकीट, नवं तिकीट, बोर्डिंग पास असं सगळं जोडावं लागतं. म्हणजे ज्या कामासाठी काकांचा जन्म झाला तेच. पहिलं पत्र मी वाचलंय. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे त्यांनी इंग्रजीतही अनुसरलं होतं. मुख्य मुद्दा असा : आमच्या खाणीतून निघालेला मालगाडीचा रेक एका वीज केंद्राकडे जायचा असतो, वाटेत वरून हुकूम येतो आणि तो दुसऱ्याच केंद्राकडे वळतो, तरी टनेज आमच्याच खाणीच्या नावावर लागतं. मी रेक आहे. मला वळवलं तुम्ही.

उत्तर आलं की आपल्या भावना आम्ही समजू शकतो. काकांनी कळवलं, भावना नकोत, मैल पाहिजेत. पाच पत्रं गेली. काकूंचं म्हणणं वेगळंच होतं. "बारा घंटे त्या फरशीवर बसवलं, दोन घास धड भेटले नाही, त्याच्याबद्दल हे मानूस एक शब्द लिहून नाही राह्यलं. मैल म्हने!" खरं तर रद्द झालेल्या विमानाबद्दल जेवण, हॉटेल, नुकसानभरपाई हे वेगळे हक्क असतात आणि बहुतेकांच्या दृष्टीने तेच मोलाचे. काकांनी ते मागितलेच नाहीत. पैसा काय, पेन्शनचाही येतो.

पाचव्या पत्रानंतर मैल जमा झाले. त्या दिवशी चौकात सगळ्यांना चहा. विशेष म्हणजे जमा झाले ते न केलेल्या प्रवासाचे. युरोपातल्या ज्या गावी काकांचं पाऊल लागलं नाही, तिथवरचे आणि तिथून पुढचेही. न केलेल्या वारीचं पुण्य पदरात पाडून घेणारा माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिला.

यश असं डोक्यात जातं. पुढच्या पावसात पाटाळ्याच्या पुलावरून वर्धेचं पाणी गेलं आणि नागपूरची बस मारेगाव, करंजी, वडकी, हिंगणघाट अशी फिरून निघाली. मी काकांच्या शेजारीच होतो. एस.टी.चं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. काका वाहकाला म्हणाले, "गाडी वरोऱ्याची होती ना? मंग टप्पे वरोऱ्याचेच धरा." वाहक म्हणाला, "काका, टप्पे मंग धरा, आधी दांडा धरा, खड्डा येऊन राह्यला."

तसं पाहिलं तर आपल्या मुलखाला वळणावळणाचा प्रवास नवा नाही. 1949 साली नाइट एअर मेल सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या वाटेने परत जायची. मी हे काकांना सांगितलं. ते बराच वेळ त्या प्रवाशांचा विचार करत होते.

आणि मग 24 एप्रिल 2025 आला. पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेला जाणारी आपली विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालून जाऊ लागली, अमेरिकेची काही तर व्हिएन्ना नाहीतर कोपनहेगनला इंधनासाठी उतरायला लागली. काका त्या शरदात अशाच विमानात होते. पोचल्यावर खातं उघडलं. कंपन्यांच्या हिशेबात दोन शहरांमधलं अंतर एकदा ठरलं की ठरलं, वैमानिकाने कुठून नेलं ते कोणी बघत नाही. शिवाय एअर इंडियाने 2024 पासून मैल सोडून तिकिटाच्या पैशांवर पॉइंट द्यायला सुरुवात केलेली. काकांचा आक्षेप दुहेरी होता. वजनाऐवजी किंमत तोलणं हे काट्याच्या धर्माविरुद्ध, हा एक, आणि दुसरा, "एवढं फिरवून नेलं, ते मैल कोनाचे?"

मी म्हटलं, "काका, मागच्या वर्षी तुम्ही ठरलेल्या वाटेचे मैल मागितले. आता चाललेल्या वाटेचे मागताय. एक काहीतरी ठरवा."

एकतीस वर्षं किलोचा घोळ होऊ न दिलेल्या त्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "जे जास्त भरते ते धरायचं."

आता तुम्ही विचाराल, एवढ्या मैलांचं झालं काय. काकूंच्या बहिणीच्या साठीला पुण्याला जायचं होतं, तेव्हा काकू म्हणाल्या, फुकटचं विमान करा एकदा. काका हादरले. फुकट तिकिटावर मैल मिळत नाहीत, आणि खात्यातून वजा होतात ते वेगळेच. त्यांनी रेल्वेची दोन तिकिटं काढली. काकूंनी बायांच्या भिशीत सांगितलं की आमच्याकडे पाऊण लाख आहेत, पण खर्चायला एकही नाही.

त्यातले बारा हजार येत्या मार्चअखेर मुदतीने बाद होणार आहेत. काकांना अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही वणीला आलात आणि टिळक चौकात भेटलेच, तर हा विषय काढू नका. खिशात एखादा जुना बोर्डिंग पास असेल तर तेवढा दाखवा. अक्षर उडालेलं असलं तरी चालेल.